फ्लॉपनंतर बेट करायलाच हवी?

‘फ्लॉपआधी रेज केली की फ्लॉपनंतर बेट करायचीच, चेक म्हणजे कच खाणं,’ असं पोकर शिकताना हमखास ऐकू येतं. (फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडलेले पहिले तीन सामायिक पत्ते; बेट म्हणजे पैसे लावणं, रेज म्हणजे लावलेली रक्कम वाढवणं, चेक म्हणजे काही न लावता पुढे जाणं.) यात तथ्य आहे, पण मुख्यतः एकच प्रतिस्पर्धी असताना. हातातल्या, जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर निदान जोडी लागते ती सुमारे ३२ टक्के वेळाच, म्हणजे समोरच्या एकट्याला बहुधा काही लागलेलं नसतं. पडताळायचं तर एक्का-राजा बाजूला ठेवा, कॅट पिसून तीन पत्ते उघडा, शंभरदा मोजा.

आता पॉट (मधे जमलेले पैसे) १००, बेट ५०. हातात काहीच नसताना ती परवडायला तीनदा खेळून निदान एकदा सगळ्यांनी पत्ते टाकायला, म्हणजे डाव सोडायला, हवेत. प्रत्येक जण निम्म्या वेळा टाकतो असं धरलं, तर एकासमोर ५० टक्के, तिघांसमोर फक्त १२.५. तिथे चेकच बरा. बदामाच्या ९-८-७ अशा फ्लॉपवर तर सलग किंवा एकाच रंगाचे पाच पत्ते जुळण्याच्या आशेने लोक सहज सोडतच नाहीत.