संवेदी खेळ आले कुठून?

वाळूचा ट्रे, पाण्याचा टब, न बघता हात घालून वस्तू ओळखायची पिशवी: स्पर्श, नजर, आवाज अशा जाणिवांना काम देणारे हे संवेदी खेळ. बालवाडीत आज सर्रास दिसणाऱ्या या साहित्यातलं बरंचसं खेळ म्हणून जन्मलेलंच नाही. ज्या मुलांना शिकवून उपयोग नाही असं मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं, त्यांच्यासाठी कुणीतरी चिकाटीने केलेल्या प्रयोगांतून ते आलं.

१८०० साली फ्रान्समधल्या आव्हेरॉन भागात जंगलात वाढलेला एक मुलगा, पुढे ज्याचं नाव व्हिक्टर ठेवलं गेलं, पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणला गेला. वय साधारण बारा, बोलणं नाही, ऊन-थंडीचीही फारशी जाणीव नाही. नावाजलेल्या डॉक्टरांनी हात टेकले. झाँ इतार या तरुण डॉक्टराने टेकले नाहीत. त्याने अरुंद तोंडाच्या, आरपार न दिसणाऱ्या भांड्यात चेस्टनटची फळं टाकली: काही शिजवलेली, गरम, काही कच्ची, गार. व्हिक्टरचा एक हात भांड्यात, दुसरा गुडघ्यावर उघडा. उघड्या तळहातावर गरम फळ ठेवलं की आतूनही गरमच काढून द्यायचं. डोळ्यांची मदत नाही, सगळी भिस्त बोटांवर. व्हिक्टर शेवटपर्यंत नीट बोलू शकला नाही, पण ही वाट बुजली नाही. इतारचा शिष्य एद्वार सेगँ याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी यातून पूर्ण पद्धत उभी केली.

इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी या दोघांचं लेखन स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढलं आणि १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीतल्या लहान मुलांच्या शाळेत ते सर्वसाधारण मुलांपर्यंत नेलं. एकावर एक रचून मनोरा करायचे एक ते दहा सेंटिमीटरचे दहा गुलाबी ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरं, डोळे बांधून करायच्या ओळखी. त्याआधी, १८३७ मध्ये, किंडरगार्टनचा जनक फ्रोबेल याने जर्मनीत मुलांच्या हाती लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे दिले होतेच. पण दोघांच्याही साहित्याला वापराची ठरलेली रीत होती. गुलाबी मनोऱ्याची आगगाडी करणं माँटेसरींना मान्य नव्हतं.

मुलाने वस्तूचं काय करायचं ते मुलानेच ठरवावं, हा विचार रुजायला आणखी वेळ लागला. बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड यांची ‘ट्रेझर बास्केट’ मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. बसता येतं पण रांगता येत नाही, अशा बाळापुढे बुटकी गोल टोपली ठेवायची. तीत लाकूड, धातू, कापड, कातडं असं सगळं, प्लॅस्टिक मात्र नाही. मोठ्या माणसाने जवळ बसायचं आणि गप्प राहायचं. चाटणं, आपटणं, टाकून देणं, सारं बाळाच्या मर्जीने.

१९७२ मध्ये जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने संवेदी एकात्मीकरणावरचं, म्हणजे वेगवेगळ्या इंद्रियांकडून येणाऱ्या जाणिवा मेंदू कशा जुळवतो यावरचं, पुस्तक लिहिलं आणि ‘सेन्सरी’ हा शब्द हळूहळू घराघरांत पोचला. तिचं काम शिकण्यात अडचणी येणाऱ्या मुलांवरच्या उपचाराचं होतं, आणि त्या उपचाराचा नेमका किती फायदा होतो यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. घरच्या वाळूच्या ट्रेला थेरपी म्हणून विकणाऱ्यांपासून पालकांनी जरूर सावध राहावं. तो ट्रे खेळ म्हणूनच पुरेसा मोलाचा आहे.