आपलीच गोष्ट, पण थोड्या अंतरावरून

इ.स.पूर्व ४९४ मध्ये इराणी फौजांनी मिलेटस हे ग्रीक शहर जिंकलं आणि उद्ध्वस्त केलं. अथेन्सचे लोक मिलेटसला आपल्याच रक्ताचं मानत. त्यानंतर काही वर्षांतच फ्रिनिकस या नाटककाराने या घटनेवर नाटक लिहून अथेन्समध्ये सादर केलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की सगळं प्रेक्षागृह रडलं. आणि मग त्याच प्रेक्षकांच्या नगराने नाटककाराला एक हजार द्राख्मांचा दंड ठोठावला. हे नाटक पुन्हा कुणी करायचं नाही, असा हुकूमही निघाला. गुन्हा काय, तर त्याने लोकांना त्यांच्याच दुःखाची आठवण करून दिली.

इ.स.पूर्व ४७२ मध्ये एस्किलसने त्याच वैऱ्याशी झालेल्या युद्धावर 'पर्शियन्स' (म्हणजे 'इराणी') हे नाटक आणलं. सॅलॅमिसची आरमारी लढाई होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्या युद्धात अथेन्स शहर जाळलं गेलं होतं. प्रेक्षकांत त्या लढाईत स्वतः उतरलेले लोक बसलेले असणार. जखम ताजीच होती. पण एस्किलसने नाटक घडवलं ते शत्रूच्या राजधानीत, सूसामध्ये. तिथे राजाची आई अटोसा मुलाच्या बातमीची वाट पाहते आहे, दूत येतो आणि मेलेल्या सरदारांची नावं एकामागून एक सांगत जातो. अथेन्सकरांनी आपला विजय शत्रूच्या आईच्या डोळ्यांनी पाहिला. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस एस्किलसला मिळालं.

वैयक्तिक अनुभव, कविता आणि नाटक यांतून माणसं एकमेकांच्या जवळ कशी येतात, याचा इतिहास शोधताना मला या दोन नाटकांपासून सुरुवात करावीशी वाटते. मन मोकळं केलं की बरं वाटतं, एवढंच आपण सहसा म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. उघडं दुःख थेट समोर ठेवलं तर ऐकणारा कोलमडतो किंवा पाठ फिरवतो. मध्ये काहीतरी लागतं: दुसरं कुणाचं तरी पात्र, कवितेचा एखादा छंद, एखादी दूरची कथा. हे 'मधलं काहीतरी' शोधण्याचे प्रयत्न गेली अडीच हजार वर्षं चालू आहेत.

अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या संदर्भात करुणा आणि भीती यांच्या विरेचनाची, म्हणजे निचऱ्याची, गोष्ट केली, आणि तिचा नेमका अर्थ काय यावर पंडितांचे वाद आजही संपलेले नाहीत. भरतमुनींचं 'नाट्यशास्त्र' मला अधिक थेट वाटतं. नाट्य कशासाठी, हे पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे: 'दुःखार्तानां श्रमार्तानां शोकार्तानां तपस्विनाम्। विश्रान्तिजननं काले नाट्यमेतद् भविष्यति॥' दुःखाने, कष्टाने, शोकाने पिचलेल्यांना विसावा देणारं हे नाट्य असेल. करमणूक आणि उपदेश यांचाही उल्लेख आसपास आहे, पण विसाव्याला दिलेली ही जागा मोठी आहे. पुढे काश्मीरच्या आचार्यांनी, भट्टनायक आणि दहाव्या-अकराव्या शतकातल्या अभिनवगुप्तांनी, खरा अवघड प्रश्न विचारला. रंगमंचावरचा शोक नटाचा नाही, माझाही नाही, मग मला तो भिडतो कसा? त्यांचं उत्तर होतं साधारणीकरण. भावनेला चिकटलेलं 'हे माझं', 'हे त्याचं' गळून पडतं आणि ती सगळ्यांची होते. तसं झाल्याशिवाय शोकाचा रस होत नाही. तो नुसता शोकच राहतो.

कवितेत हेच फार पूर्वी घडलेलं दिसतं ते 'थेरीगाथे'त. बौद्ध भिक्खुणींच्या या पाली कवितांचा समावेश जगातल्या स्त्रियांच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहांत होतो. मुत्ता नावाची थेरी म्हणते, तीन वाकड्या गोष्टींतून मी सुटले: उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा. दोन ओळींत एका बाईचा अख्खा संसार उभा राहतो. पटाचारेची कथा परंपरेत फार भयंकर सांगितली आहे. नवरा, दोन्ही मुलं, आईवडील, सगळे थोड्याच काळात गेले आणि ती वेडीपिशी होऊन भटकू लागली. पण तिच्या नावाच्या गाथेत यातलं काहीही नाही. ती पाय धुते, पाणी उताराने वाहत जाताना पाहते, खोलीत जाऊन दिव्याची वात सुईने खाली ओढते. दिवा विझतो आणि तिचं मन सुटतं. दुःखाची यादी न करताही ते सगळं त्या पाण्यात आणि वातीत आहे. त्याच संग्रहात पुढे, मुलं गमावलेल्या आया पटाचारेच्या शब्दांनी आपल्या काळजातला बाण निघाल्याचं सांगतात. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते इथे शब्दशः लागू आहे. ज्या बाईने सगळं गमावलं तिचंच बोलणं त्यांना पटलं.

गद्यात स्वतःची गोष्ट सांगण्याची वाट युरोपात ऑगस्टिनने इ.स. ४००च्या सुमारास 'कन्फेशन्स' लिहून घातली. त्याचा श्रोता होता ईश्वर. १५८० मध्ये फ्रेंच लेखक माँतेन्यचे निबंध आले, तेव्हा श्रोता बदललेला होता, किंबहुना हरवलेला होता. त्याचा जिवलग मित्र ला बोएसी १५६३ मध्येच वारला होता. माँतेन्यने एके ठिकाणी लिहून ठेवलं आहे, की बोलायला कुणी असतं तर हे सारं आपण पत्रांच्या रूपात लिहिणं पसंत केलं असतं. आधुनिक आत्मपर निबंध या पोकळीतून उगवला, असं मला ठामपणे वाटतं.

या सगळ्या प्रवासात सर्वांत बोलकं उदाहरण मला जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचं वाटतं. वडिलांनी त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवायला घेतलं, तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्रावर वाढवलं. १८२६ मध्ये, विशीत, त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला: ज्या सुधारणांसाठी मी जगतो त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर मला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, 'नाही.' त्यानंतर कित्येक महिने तो कोरड्या, निर्विकार अवस्थेत काम करत राहिला. सांगणार कुणाला? वडिलांकडे जाणं तर त्याला सर्वांत अशक्य वाटत होतं. मग एकदा फ्रेंच लेखक मार्मोंतेलच्या आठवणी वाचताना तो एका प्रसंगाशी आला. वडील वारले आहेत, घर खचलं आहे, आणि लहानगा मुलगा घरच्यांना जाणवून देतो की गेलेल्या माणसाची जागा मी भरून काढीन. मिलला रडू आलं. त्या क्षणापासून आपलं ओझं हलकं होत गेलं, असं तो आत्मचरित्रात सांगतो. आपण दगड झालेलो नाही, हे त्याला कळलं.

त्याच्या मानगुटीवर वडील बसलेले होते आणि त्याला रडवलं ते परक्या माणसाच्या वडिलांच्या मृत्यूने, ही बाब नजरेआड करू नये. पुढे १८२८ मध्ये त्याने वर्डस्वर्थ वाचला. त्याहून मोठे कवी आहेत हे मिललाही मान्य होतं. पण या कवीलाही तारुण्याचा पहिला टवटवीतपणा टिकत नाही हे उमगलं होतं, त्याने भरपाई शोधली होती, आणि ती कशी मिळवायची हे तो दाखवत होता. मिलला कुणाचा सल्ला नको होता. याच वाटेने गेलेला माणूस हवा होता.

विसाव्या शतकात हे सारं योगायोगावर न सोडता मुद्दाम घडवून आणायचे प्रयत्न सुरू झाले. व्हिएन्नात १९२०च्या दशकात जेकब मोरेनो या डॉक्टरने उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग केले, अमेरिकेत जाऊन त्यांतून सायकोड्रामा उभा केला. रुग्णाने आपला प्रसंग सांगायचा नाही, करायचा. आईची, साहेबाची, स्वतःचीही भूमिका दुसऱ्या कुणीतरी घ्यायची, म्हणजे तो स्वतःकडे बाहेरून पाहू शकतो. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत कवितेचे गट चालू झाले ते १९५०च्या दशकात. एली ग्रायफर हे त्यांचे खंदे पुरस्कर्ते आणि जॅक लीडी हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांचे साथीदार. खिन्न माणसाला आनंदी कविता देऊ नये, त्याच्याच मनःस्थितीची द्यावी, असं लीडी सांगत. मात्र ती कविता निव्वळ अंधारात संपणारी नसावी. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी वृद्धांच्या आठवणी काढण्याबद्दल एक लेख लिहिला. तोवर म्हाताऱ्या माणसाने जुनं उगाळणं हे बुद्धी क्षीण झाल्याचं लक्षण समजलं जाई. बटलर म्हणाले, हा आयुष्याचा हिशेब लावण्याचा नैसर्गिक मार्ग आहे, त्याला ऐकणारा द्या.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी प्रेक्षकालाच रंगमंचावर चढवलं. १९७१ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना अटक केली, छळ केला. नंतर ते देशाबाहेर गेले. १९७३ मध्ये पेरूत साक्षरता मोहिमेत काम करताना घडलेला एक किस्सा ते सांगत. एका निरक्षर बाईला नवऱ्याने काही कागद जपून ठेवायला दिले होते. घरासाठी तिने दिलेल्या पैशांच्या त्या पावत्या, असं त्याने तिला सांगितलं होतं. शेजारणीकडून वाचून घेतल्यावर कळलं, ती त्याच्या दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं होती. नवरा त्या रात्री घरी येणार होता. मी काय करू, असं तिने विचारलं. बोआल यांच्या नटांनी प्रेक्षकांच्या सूचनांप्रमाणे तो प्रसंग करून दाखवायला घेतला. प्रेक्षकांतल्या एका धिप्पाड बाईने सुचवलं, की तिने नवऱ्याशी स्पष्ट बोलावं. नटीने बोलून दाखवलं, बाईला पटेना. पुन्हा केलं, तरी पटेना. शेवटी बोआल म्हणाले, तुम्हीच या आणि दाखवा. बाई उठली, झाडू घेतला आणि नवरा झालेल्या नटाला बदडून काढलं. 'स्पष्ट बोलणं' म्हणजे तिला हे अभिप्रेत होतं. स्वतःच्या जगण्यातलं काय म्हणायचं आहे ते दुसरा बरोबर सांगू शकत नाही, हा धडा बोआल यांनी यातून घेतला आणि त्यांची फोरम थिएटरची पद्धत यातून पुढे आली.

संशोधकांनी या विषयाला हात घातला तो जरा उशिरा. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहिताना त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या कितीतरी प्रयोगांनी सरासरी फायदा दाखवला, पण तो लहान होता. याच्या उलट टोकाला आपत्तीनंतरचं तातडीचं 'डीब्रीफिंग' होतं. अपघात किंवा हल्ल्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला एकाच बैठकीत सगळं सांगायला लावायची ती पद्धत एके काळी सर्रास वापरली जाई. तोवरच्या अभ्यासांच्या २००२ मधल्या मोठ्या आढाव्यात तिचा उपयोग दिसला नाही, आणि काही जणांना अपायाची शक्यता दिसली. सांगणं चांगलं म्हणून कुणालाही, केव्हाही बोलतं करणं, याला पुरावा पाठिंबा देत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाने १९९६ पासून वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांच्या साक्षी ऐकल्या. एकवीस हजारांहून अधिक पीडितांची निवेदनं त्याच्याकडे आली. दुभाषे साक्षीदाराचं बोलणं 'मी'च्या भाषेतच अनुवादत. दिवसभर दुसऱ्याच्या छळाला 'मी' म्हणत राहिल्याने त्यांतले काही जण खचले. १९९७ मध्ये याच साक्षींवर 'उबू अँड द ट्रुथ कमिशन' हे नाटक आलं, तेव्हा साक्षीदारांच्या भूमिका बाहुल्यांना दिल्या गेल्या. खऱ्या माणसाच्या यातनांची नटाने नक्कल करायची कशी, हा पेच त्या बाहुल्यांनी सोडवला. २००८ पासून ब्रायन डोरीस अमेरिकेतल्या सैनिकांपुढे सोफोक्लीसच्या 'अजॅक्स' या युद्धात मन ढळलेल्या योद्ध्यावरच्या ग्रीक नाटकाचं वाचन करू लागले. वाचनानंतरची चर्चा ठरल्यापेक्षा कितीतरी लांबली. युद्धावरून परतणाऱ्या नवऱ्यामुळे घराचं काय झालं, हे एका सैनिकाच्या पत्नीने नाटकातल्या टेक्मेसाचे, म्हणजे अजॅक्सच्या बायकोचे, शब्द वापरून सांगितलं.

आज जगभर चालणाऱ्या प्लेबॅक थिएटरची सुरुवात १९७५ मध्ये जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी न्यूयॉर्क राज्यात केली. प्रेक्षकांतला कुणी पुढे येतो, संचालकाशेजारच्या खुर्चीत बसतो आणि आपला एखादा अनुभव सांगतो. 'तुमची भूमिका कोण करील?' असं विचारल्यावर तो नटांपैकी एकाला निवडतो. तालीम नाही, आपसांत कुजबुज नाही. वादक सूर धरतो आणि नट तो प्रसंग तिथल्या तिथे उभा करतात. सांगणारा तो इतरांसारखाच पाहत बसतो. प्रयोग संपला की नट वळून त्याच्याकडे पाहतात, आणि शेवटचं बोलणं त्याचं असतं. 'तसं नव्हतं' असं तो म्हणाला, तर संचालक त्याला विचारू शकतो, की काय राहिलं, आणि तेवढा भाग नट पुन्हा करतात.