'जरी'ला 'तरी' का सापडत नाही

परळच्या एका मराठी शाळेतल्या आठवीच्या वहीतलं वाक्य: 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल.' 'बट'भोवती लाल शाईचा गोल. शेजारी कारण काहीच लिहिलेलं नाही. संध्याकाळी मुलांना शिकवायला बसते तेव्हा हा गोल मला दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वहीत भेटतो, आणि दर वेळी वाईट वाटतं. कारण त्या मुलीने मराठीचा नियम अगदी काटेकोर पाळला होता. 'जरी पाऊस पडत होता तरी आम्ही शाळेत गेलो.' जरी आलं की तरी यायलाच हवं. शब्दांच्या तक्त्यात 'ऑल्दो म्हणजे जरी' असं छापलेलं असतं, 'तरी'समोर मात्र कुणी काही छापत नाही. मग ती हाताशी असलेला 'बट' उचलते.

ही जोडीची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. संस्कृतात यदा–तदा, यद्यपि–तथापि. मराठीत जो–तो, जेव्हा–तेव्हा, जर–तर. गंमत अशी की हजार वर्षांपूर्वीची इंग्रजीही अशीच जोडीने बोलायची. तेव्हाच्या इंग्रजीत 'था' हा एकच शब्द दोन्ही टोकांना यायचा, पहिला 'जेव्हा'च्या अर्थाने आणि दुसरा 'तेव्हा'च्या. कुठला कोणता, ते बऱ्याचदा क्रियापदाच्या जागेवरून कळायचं. पुढे पहिल्याची जागा 'व्हेन' या प्रश्नार्थक शब्दाने घेतली आणि दुसऱ्या टोकाची गरज हळूहळू संपली. 'दो … येट' ही जोडी मात्र बरीच टिकली. म्हणजे त्या मुलीने 'बट'ऐवजी 'येट' लिहिलं असतं तर वाक्य जुन्या वळणाचं, पण बरोबर ठरलं असतं. तिची चूक एवढीशीच होती.

'बिकॉज'चंही तसंच. 'बाय' आणि 'कॉज' हे दोन शब्द चिकटून तो झाला, म्हणजे त्याच्या पोटात 'कारण' हे नामच आहे. आपलं 'कारण' हे वाक्यं जोडणारं उभयान्वयीही नामावरूनच आलं. पण दोघांची बसायची जागा वेगळी. 'बिकॉज' वाक्याच्या सुरुवातीला खुशाल बसतो. मराठीत आधी कारण सांगायचं असेल तर आपण 'म्हणून' वापरतो: 'पाऊस पडत होता म्हणून आम्ही थांबलो.' हा 'म्हणून' परिणामबोधक, म्हणजे परिणाम सांगणारा, त्यामुळे शाळेच्या व्याकरणात हे संयुक्त वाक्य, म्हणजे दोन बरोबरीची वाक्यं जोडलेली. तोच मजकूर इंग्रजीत 'बिकॉज'ने सुरू केला की वाक्य मिश्र होतं, म्हणजे एक भाग मुख्य आणि दुसरा त्यावर अवलंबून. वाक्याचा प्रकार ओळखताना मुलं इथेच घसरतात, आणि मला त्यांचा गोंधळ अगदी रास्त वाटतो.

दोन भाषांची ही शेजारशेजारची मांडणी मुंबईतच रुजली. 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी मजकूर असे. चार वर्षांनी, 1836 मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आलं. संस्कृत शब्दांचा अभ्यास करणाऱ्या प्राचीन यास्कांनी शब्दांचे चारच वर्ग मानले होते, आणि 'च' (आणि), 'वा' (किंवा) हे त्यांच्या लेखी निपात, म्हणजे छोटे अव्यय शब्द. मराठी शाळेत आपण ज्या आठ शब्दजाती शिकतो, तो साचा इंग्रजी व्याकरणाचा. नावं मात्र संस्कृत वळणाची. उभयान्वयी हा शब्द मला त्यांत सगळ्यात सुंदर वाटतो: दोन्हीकडे ज्याचा अन्वय आहे तो. पुढे इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांनी विरामचिन्हं मराठीत रुजवली. त्याआधीच्या मोडी कागदांत स्वल्पविराम नव्हते. लांबच्या लांब वाक्यं 'करून', 'जाऊन', 'तेव्हा', 'की' यांच्याच आधाराने चालत.

संयुक्त आणि मिश्र हा भेद खुद्द इंग्रजी शाळांतही तसा नवाच. लिंडली मरे यांच्या 1795 च्या व्याकरणात वाक्यं दोनच प्रकारची होती, साधी आणि संयुक्त. तिसरा प्रकार एकोणिसाव्या शतकात जर्मन व्याकरणाच्या प्रभावाने पक्का झाला. इंग्लंडमध्ये मोरेल यांचं वाक्यपृथक्करणाचं पुस्तक 1852 चं. भारतातल्या शाळांत तो नेसफील्ड यांच्या आणि नंतर रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकांतून मुरला. यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले. दोन वाक्यं एकत्र करा, साध्याचं मिश्र करा, 'नो सूनर … दॅन' वापरा, हे सगळे प्रश्न त्याच परंपरेतले.

2000 पासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. मुलांच्या कानावर ही भाषा लवकर पडू लागली, हे चांगलंच झालं. तक्ता मात्र तसाच राहिला.

त्या मुलीच्या वहीत मी लाल गोलाखाली तिचंच मराठी वाक्य लिहिलं आणि 'जरी' व 'तरी' यांना एका रेषेने जोडलं. खाली इंग्रजी वाक्य लिहून 'तरी'च्या जागी फक्त स्वल्पविराम ठेवला. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे इथे तरी आहे, पण बोलायचा नाही?" मी हो म्हटलं. मग तिने 'इफ'चं वाक्य लिहायला घेतलं आणि 'देन'पाशी येऊन पेन थांबवलं. इथे मात्र मला सांगावं लागलं, की हा 'तर' इंग्रजीत बोलला तरी चालतो.