मुंग्या आणि लैंगिक संक्रमण

मुंग्यांमुळे लैंगिक संबंधातून पसरणारे आजार होत नाहीत. गरमी (उपदंश), परमा (गनोरिया), क्लॅमिडिया, जननेंद्रियावरील हर्पिस, एचआयव्ही यांपैकी कोणताही आजार मुंगी चावल्याने किंवा अंतर्वस्त्राला मुंग्या लागल्याने होतो, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. तरीही ही शंका लोकांना पडते आणि ती समजण्यासारखी आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि मुंग्या ओलाव्याच्या शोधात घरात शिरतात. लहान घरात मोरी, पाण्याचा पिंप आणि कपडे वाळत घालायची दोरी जवळजवळच असतात. दोरीवरच्या कपड्याला लागलेल्या मुंग्या नेमक्या नाजूक जागी चावतात, खाज सुटते, पुरळ उठते आणि मनात नको ती भीती बसते.

ही भीती निराधार का, हे जंतूंच्या स्वभावावरून कळते. परम्याचा जंतू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला, तर गरमीचा, मळसूत्रासारखा पीळ असलेला जंतू शाउडिन आणि हॉफमन यांनी १९०५ मध्ये. हे दोन्ही जंतू माणसाच्या अंगातल्या ऊबदार, ओलसर आवरणातच टिकतात. वाळले, गार पडले की लवकर मरतात. क्लॅमिडियाचा जंतू तर जिवंत पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढतच नाही. संसर्ग व्हायचा तर जिवंत जंतू पुरेशा संख्येने आतल्या नाजूक त्वचेपर्यंत पोचावे लागतात. मुंगीच्या कोरड्या, कडक अंगावरून हा प्रवास होत नाही. शिवाय मुंगी स्वतःचे अंग सतत साफ करत असते आणि तिच्या शरीरातल्या ग्रंथींतून जंतुनाशक स्राव पाझरतात.

एचआयव्हीबद्दल विचारले जाते, तेव्हा डासाचे उदाहरण पुरेसे ठरते. डास माणसाचे रक्त पितो, तरी त्याच्यामुळे एचआयव्ही पसरत नाही. हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही, तो तिथे पचून जातो, आणि चावताना डास आपली लाळ सोडतो, आधी प्यायलेले रक्त नाही. मुंगी तर रक्त पिणारा कीटकच नाही.

याचा अर्थ कीटक निरुपद्रवी आहेत असा मात्र नाही. फिकट पिवळसर, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची ‘फेरो मुंगी’ रुग्णालयांत उपद्रवी ठरली आहे. १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णालयांतील अशा मुंग्यांवर साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस यांसारखे जंतू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. जखमेच्या पट्टीत किंवा सलाइनच्या नळीपाशी मुंग्या दिसल्या तर परिचारिकेला सांगावेच. क्लॅमिडियाच्या बाबतीत एक बारकावा आहे. याच जंतूच्या काही जातींमुळे डोळ्यांचा खुपरी हा आजार होतो आणि तो पसरवण्यात घरमाश्यांच्या जातकुळीतल्या माश्यांचा हात असतो. पण त्या जाती डोळ्यांच्या. जननेंद्रियांना बाधणाऱ्या जाती वेगळ्या, आणि त्या शरीरसंबंधातून किंवा प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जातात. भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले.

मुंग्या खरोखर काही सांगत असतील, तर ते साखरेबद्दल. ‘लघवीला मुंग्या लागतात’ ही तक्रार फार जुनी आहे; चरकसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांच्या, पूर्वलक्षणांत शरीराकडे आणि मूत्राकडे मुंग्या येण्याचा उल्लेख आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती पुरती अडवू शकत नाहीत आणि ती लघवीत उतरते. त्याच साखरेवर कॅन्डिडा ही बुरशी पोसली जाते. मग बाईला खाज आणि दह्यासारखे पांढरे जाणे, पुरुषाला शिश्नाच्या टोकाशी लाली आणि भेगा, असा त्रास सुरू होतो. घरातल्यांना वाटते गुप्तरोग झाला. बुरशीचा हा त्रास सहसा लैंगिक संबंधातून आलेला नसतो. त्यावर संशय घेऊन संसारात वितुष्ट येऊ देण्यापेक्षा उपाशीपोटीची साखर तपासून घेणे कितीतरी शहाणपणाचे.

यात अलीकडे आणखी एक कारण मिळाले आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या मुद्दाम लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्या घेणाऱ्याच्या घरी मोरीत मुंग्या वाढल्या, खाज सुटली, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. गोळी मनाने बंद करू नये. लघवीनंतर जागा पाण्याने धुऊन कोरडी केल्याने फरक पडतो.

चावा आणि आजार यांतला फरक नीट पाहिला तर बहुधा कळतो. साध्या मुंगीच्या चाव्याने लहान लाल गांधी येते, आग होते आणि काही तासांत ओसरते. तांबड्या, डंख मारणाऱ्या मुंग्यांच्या डंखावर दुसऱ्या दिवशी पांढऱ्या टोकाची पुळी येते. मुंग्या जिथे चढल्या तिथे मांडीवर, कमरेवर अशा पुळ्या विखुरलेल्या दिसतात. हर्पिसमध्ये पाण्याने भरलेले बारीक फोड एकाच ठिकाणी घोसाने येतात, फुटून दुखरे व्रण होतात आणि पुन्हा पुन्हा त्याच भागात उठतात. गरमीची पहिली खूण सर्वांत फसवी असते. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी कडक काठाचा, बहुधा न दुखणारा एकच व्रण येतो आणि औषधाशिवायही भरून निघतो. ‘मुंगी चावली होती, बरी झाली’ म्हणून तो सोडून दिला, तर रोग आत वाढत राहतो. पुढे गरोदरपणात तो पोटातल्या बाळालाही होऊ शकतो. वेळीच दिलेले पेनिसिलिन त्यावर आजही खात्रीचे औषध आहे.

सोलापूर हे टॉवेल आणि चादरींचे शहर असल्याने त्यांचाही विचार इथे करायला हवा. सामाईक चादरीतून खरूज पसरू शकते, विशेषतः अंगावर खूप किडे असलेल्या रुग्णाची चादर असेल तर. आणि मोठ्या माणसांत खरूज शरीरसंबंधातूनही होते. तिला उपचार एकाच वेळी घरातल्या सगळ्यांना द्यावे लागतात. वाळलेल्या टॉवेलवरून परमा किंवा गरमी होत नाही.

शंका खरी असो वा नसो, तपासणी सोपी आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने लैंगिक आजारांचे उपचार होतात. सोलापुरात १९६३ साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच्याशी जोडलेले रुग्णालय सगळे ‘सिव्हिल’ म्हणून ओळखतात. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी, केंद्रांत मोफत आणि गोपनीय असते. १०९७ या क्रमांकावर फोन करून माहिती मिळते. आजार निघाला तर जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार हवेत, नाहीतर एकाचा आजार बरा होऊनही दुसऱ्याकडून परत येतो.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मुंग्या, टॉवेल, संडास अशी कारणे ऐकून कुणीही गप्प बसू नये. नवजात बाळाला आईकडून संसर्ग होऊ शकतो. त्यापुढच्या वयाच्या मुलाला किंवा मुलीला परमा झालेला आढळला, तर लैंगिक अत्याचाराची शंका घेणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे आणि पीडित मुलावर मोफत उपचार व्हायला हवेत. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे.