डेटाबेसचे आयपी व्हाइटलिस्टिंग

डेटाबेस सर्व्हरशी कोणत्या नेटवर्क पत्त्यांवरून जोडणी करता येईल, हे आधी ठरवून बाकीच्यांना अडवण्याची पद्धत. पत्त्याची तपासणी पासवर्डच्या आधी होते. त्यामुळे चोरलेला पासवर्ड परक्या पत्त्यावरून चालत नाही.

कारखाना कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, हिशेबाचे ऑफिस कोल्हापुरातल्या शाहूपुरीत आणि डेटाबेस क्लाउडवर असेल, तर यादीत दोन पत्ते पुरतात. दोन्हीकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) मात्र हवा. साध्या ब्रॉडबँडचा पत्ता राउटर बंद-चालू केल्यावर बदलू शकतो. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर जोडणी सीजीनॅटमागे आहे. तिथला सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, म्हणून तो यादीत घालू नये.

नोंदीत पत्त्यापुढचा /३२ म्हणजे एकच पत्ता, /२९ म्हणजे ८, /२४ म्हणजे २५६. ०.०.०.०/० म्हणजे सगळे जग. ही नोंद 'टेस्टिंगपुरती' घातली जाते आणि वर्षानुवर्षे तशीच राहते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये (पोर्ट ५४३२) ही यादी असलेली पीजी-एचबीए फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिलीच ओळ लागू होते. वर सर्वांना मोकळीक देणारी ओळ असेल, तर खालच्या कडक ओळींना अर्थ उरत नाही. या फाइलमधील बदलाला रीलोड पुरते. सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतो ते बदलायचे तर रीस्टार्टच लागतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये (पोर्ट ३३०६) पत्ता युजरच्या नावालाच जोडलेला असतो. तिथे '%' म्हणजे कुठूनही.

जोडणी नुसती टाइमआउट होत असेल, तर आधी फायरवॉल (नेटवर्कची वाहतूक अडवणारी यंत्रणा) पाहावी. पोस्टग्रेसने 'नोंद नाही' असा एरर दिला, तर त्यात छापलेला पत्ता वाचावा: सर्व्हरला दिसणारा पत्ता तोच. तो आयपीव्ही६ (नव्या, लांब प्रकारचा) असेल आणि यादीत फक्त आयपीव्ही४ (जुन्या, चार आकड्यांच्या प्रकारचे) पत्ते असतील, तर घोळ तिथेच आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. अशा वेळी माणसे घरून मोबाइल हॉटस्पॉटवर काम करतात, पत्ते सारखे बदलतात आणि कुणीतरी वैतागून यादी सगळ्यांना खुली करतो. त्यापेक्षा सगळ्यांनी व्हीपीएनमधून (एका ठरलेल्या सर्व्हरमार्गे जाणारी सुरक्षित जोडणी) यावे आणि यादीत फक्त त्या सर्व्हरचा पत्ता ठेवावा. मोंगोडीबी अ‍ॅटलास या क्लाउड डेटाबेस सेवेत मुदतीची नोंदही करता येते. ६ तास, १ दिवस किंवा १ आठवड्याने ती आपोआप निघून जाते. व्हीपीएनची चाचणी मे महिन्यातच उरकलेली बरी, पंचगंगेला पाणी चढल्यावर नव्हे.