सही जशीच्या तशी, समज ओसरलेली

सकाळी काय खाल्लं ते आबांना आठवत नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात कागद पुढे सरकवला की जुन्या वळणाची सही झरकन होते. ‘सही बघा की, काय बदल हाय? त्यास्नी सगळं कळतंय,’ असं बरोबरचे सांगतात. मेंदूविज्ञान मात्र सांगतं की सहीवरून समज ठरवता येत नाही.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात पहिला घाव बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागावर बसतो. नव्या घटनांची नोंद तिथे होते. हातवळणाची स्मृती वेगळी. ती मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँगलिया आणि मेंदूच्या मागच्या बाजूचं अनुमस्तिष्क यांच्या भरवशावर चालते आणि कितीतरी उशिरापर्यंत टिकते. ‘या, बसा, च्या घ्या’ हा रिवाजही टिकतो. त्यामुळे ‘राजीखुशीनं देताय न्हवं?’ या प्रश्नाला ‘व्हय’ असं उत्तर सहज येतं. आपण काय दिलं, हे अर्ध्या तासाने विचारून बघावं.

पैशाचा व्यवहार मात्र लवकर डळमळतो, कारण त्यात हिशेब, आठवण आणि पारख एकाच वेळी लागतात. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याच्या सहा वर्षं आधीपासून बिलं थकू लागल्याचं दिसलं. स्मृतिभ्रंश नसलेल्या म्हाताऱ्या माणसांतही पारख सैल होते. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवलं, की अविश्वासू वाटणारे चेहरे पाहताना ज्येष्ठांच्या मेंदूतला इन्सुला हा भाग तरुणांच्या तुलनेत कमी जागा होतो. धोक्याची आतली सूचनाच मंदावते. समोर सख्खा पुतण्या असेल तर मग बोलायलाच नको.

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचं बिल खात्यावर जमा होतं, ठेवी पतसंस्थेत असतात आणि एटीएम कार्ड घरातल्याच कुणाकडे तरी असतं. तो माणूस चोर आहे असं लगेच धरू नये. ‘माझ्या पाटल्या सुनेनं चोरल्या’ हा भ्रम याच आजारात वारंवार दिसतो, आणि रात्रंदिवस सेवा करणारी सून त्यात विनाकारण होरपळते. म्हणून साक्ष पासबुकाची घ्यावी. ते दर महिन्याला सगळ्या भावंडांनी, बहिणींसकट, उघड पाहावं. मुदतीआधी मोडलेली ठेव, बिल जमा होताच निघणारी मोठी रक्कम, अचानक बदललेला वारस, हे तिथे आणि बँकेत कळतं. संयुक्त खातं काढायचंच तर दोघांच्या सहीनेच पैसे निघतील असं काढावं.

कागदपत्रं करायची तर समज आहे तोवर, आणि त्याच सुमारास डॉक्टरांकडून आकलनक्षमतेची लेखी तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्रात मुलाला किंवा नातवाला राहतं घर, शेतजमीन बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, म्हणून घाई होते. त्या बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे स्पष्ट लिहिलेलं असावं. अट मोडली तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर हीच लढाई फार अवघड होते.

मुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर, मात्र भिस्त ठेवू नका. १८७२ च्या करार कायद्यानुसार देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. कितीतरी घरांत हे ठाऊकच नसतं आणि त्या जुन्या कागदावर व्यवहार चालूच राहतात. पुढचा मार्ग उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. तोवर घरात दाद लागत नसेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. शेजाऱ्यानेही तिथे फोन करायला हरकत नाही.