मशेरीची तलफ आणि कांदोळीचा पाद्री

वेंगुर्ल्याच्या घरी पहाटे चूल पेटली की आत्याचा हात मशेरीच्या डबीकडे जायचा. तव्यावर काळीकुट्ट भाजून वस्त्रगाळ केलेली तंबाखू. "लावल्याशिवाय पोट साफ होणा नाय," असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं. डॉक्टरांनी दटावल्यावर तिने मशेरी कितीदा तरी सोडली. चार दिवस बरे जायचे. पाचव्या पहाटे चुलीचा धूर नाकात गेला की संपलं. घरचे म्हणायचे, हिला निग्रहच नाही. मला तेव्हाही ते खुपायचं.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने 1990च्या दशकात माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. माकडाला फळांचा रस मिळाला की सुरुवातीला त्या पेशी उसळायच्या. रसाआधी दिवा लागतो हे कळल्यावर त्या दिवा पाहूनच उसळू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही मंदावायचं. तलफ म्हणतात ती हीच ओढ. आत्याचा दिवा म्हणजे चूल. मच्छीमार होडी चालवणाऱ्या तांडेलाचा दिवा म्हणजे इंजिनाची पहिली धडधड; ती ऐकली की हात खिशातल्या पुडीकडे जातो. निर्धार केलेला असतो शांत दुपारी, घात होतो या खुणेपाशी.

संमोहन उपचारात नेमकं या खुणेवर काम करता येतं. त्यातला मूळ विचार आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाचा आहे. गोव्यातल्या कांदोळीत 1756 साली जन्मलेले पाद्री आबे फारिया 1813 पासून पॅरिसमध्ये प्रयोग करून दाखवत. मेस्मर या जर्मन वैद्याचे अनुयायी तेव्हा सांगत की उपचारकाच्या हातांतून चुंबकी प्रवाह रोग्यात शिरतो. फारियांनी ते नाकारलं. बाहेरून काही येत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात, असं त्यांचं म्हणणं होतं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. मागे कललेली बाई आणि तिच्यावर पसरलेले त्यांचे हात. नजर जाते हातांवर. फारियांनी मात्र तिच्याकडे बघायला सांगितलं असतं.

म्हणून जेवणात गुपचूप औषध घालून व्यसन सोडवतात, तसं संमोहन करता येत नाही. त्या माणसाला स्वतःला सोडायचं असावं लागतं. तो झोपत नाही, शुद्धही हरपत नाही. श्वास संथ होतो, लक्ष एका जागी येतं. मग उपचारक त्याच्याकडून मनातल्या मनात तालीम करून घेतो: इंजिन सुरू झालं, हात खिशाकडे गेला, तलफ लाटेसारखी चढली आणि ओसरली. हे घरी स्वतःचं स्वतः करायलाही शिकवतात. कुणी यात चटकन रमतो, कुणी अजिबात नाही.

पुराव्याचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. धूम्रपान सोडण्याबाबतचे 14 अभ्यास आणि 1926 माणसं तपासणारा, कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेचा आढावा 2019 साली आला. संमोहन इतर उपायांहून सरस आहे असं म्हणण्याइतका आधार त्यात मिळाला नाही. निकोटीनचे पॅच, च्युइंगम आणि समुपदेशन यांचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. संमोहन त्यांच्या जोडीला घ्यावं, असं माझं मत. दारूचं तर वेगळंच. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी तोडली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर.

आत्याला यातलं काहीच मिळालं नाही. पण घरात गॅस आला त्या वर्षी तिची पहाटेची मशेरी आपसूक कमी झाली. दुपारची, शेजारणींबरोबर पडवीत बसून लावायची, ती तेवढी राहिली.